पहिला बॅजर ब्रश घेताय? आधी तुमच्या बोअरचं पाणी बघा

अंबडमध्ये कुठल्याही सलूनच्या खुर्चीत दाढीला बसा. प्लास्टिकच्या मुठीचा, पांढऱ्या नायलॉनच्या केसांचा ब्रश निघतो, ट्यूबमधून बोटभर क्रीम गालावर येतं, पाणी मारलं जातं आणि अर्ध्या मिनिटात तोंड पांढरं. हा ब्रश जनरल स्टोअरमध्ये पन्नास-शंभर रुपयांत मिळतो आणि मूठ तुटेपर्यंत चालतो. आपल्यापैकी बहुतेकांनी दाढीचा ब्रश म्हणून एवढंच पाहिलेलं असतं.

मग एखाद्या रात्री रील येते. लाकडी वाटी, जाड दुधाळ फेस, चांदीसारख्या टोकांचा डौलदार ब्रश आणि खाली लिहिलेलं असतं ‘शुद्ध बॅजर हेअर’. लिंक उघडली की कळतं, एकच नाव असलेल्या या ब्रशची किंमत कुठे चारशे आहे, कुठे दीड हजार, तर कुठे दहा हजार. दिसायला सगळे सारखेच. तिथूनच प्रश्न सुरू होतात. बॅजर म्हणजे नक्की काय? यातला खरा कुठला? आणि आपल्या पाण्यात, आपल्या दाढीवर त्याचा काही उपयोग होणार आहे का?

शेवटच्या प्रश्नापर्यंत येऊच, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण आधी प्राण्याची ओळख.

बॅजर म्हणजे कोण?

बॅजर हा बिळात राहणारा, रात्री फिरणारा, बुटक्या पायांचा सस्तन प्राणी. मुंगसाच्या नाही, तर पाणमांजराच्या कुळातला. तोंडावर काळे-पांढरे पट्टे आणि अंगावर राखाडी दिसणारे केस. हा राखाडी रंग खरा नसतोच. प्रत्येक केस बुडाशी फिकट, मध्ये काळा आणि टोकाला पांढरा असतो, म्हणून लांबून अंग राखाडी दिसतं. ब्रशमध्ये जो पांढरा-काळा-पांढरा पट्टा दिसतो, तो हाच.

युरोपात १८व्या शतकापासून दाढीच्या ब्रशशी या प्राण्याचं नाव इतकं जोडलं गेलं की फ्रेंच भाषेत बॅजरलाही ‘ब्लेरो’ म्हणतात आणि दाढीच्या ब्रशलाही ‘ब्लेरो’च.

आपल्याकडे याचा लांबचा भाऊबंद आहे, रॅटेल, म्हणजे हनी बॅजर. मराठीत त्याला चांदी अस्वल म्हणतात. तो भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. दाढीच्या ब्रशमध्ये त्याचे केस नसतात. जगभरच्या बॅजर ब्रशमधले केस बहुतांश चीनमधून येतात, तिथल्या आशियाई बॅजरचे. इंग्लंडमध्ये बनलेला ब्रश असला तरी आतला केस बहुधा चीनचाच असतो, कारण खुद्द ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे. ‘मेड इन इंग्लंड’ हे मुठीबद्दल आणि जुळणीबद्दल असतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

त्या केसात एवढं काय आहे?

दोन गोष्टी. बॅजरचा केस मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे गुच्छाला कणा राहतो पण गालाला टोक मऊ लागतं. आणि तो पाणी धरून ठेवतो. ब्रश ओला करून साबणावर फिरवला की ते धरलेलं पाणी थोडं थोडं सुटत जातं आणि साबण घट्ट, मलईसारखा होतो. गरम पाण्यात भिजवला तर ऊबही थोडा वेळ टिकते. थंडीत अंबडच्या पहाटे हा भाग कळतो.

डुकराच्या केसांचा ब्रश, ज्याला बोअर म्हणतात (आपल्या पाण्याच्या बोअरशी त्याचा संबंध नाही), तो स्वस्त असतो, सुरुवातीला खरखरीत लागतो आणि वीस-पंचवीस दाढ्यांनंतर टोकं चिरून मऊ होतो. इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हाच वापरतात. आपल्याकडे मात्र अनेक घरांत डुकराचा केस चालत नाही, आणि ऑनलाइन वर्णनात नुसतं ‘नॅचरल ब्रिसल’ लिहिलेलं असेल तर तो बहुधा डुकराचाच असतो. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी विक्रेत्याला सरळ विचारावं. शाकाहारी, जैन घरांत तर प्राण्याचा कुठलाच केस नको असतो. त्यांच्यासाठी सिंथेटिक आहे.

आणि सिंथेटिक म्हणजे सलूनमधला तो नायलॉनचा झाडू नव्हे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत बॅजरच्या केसासारखी निमुळती टोकं असलेले मऊ तंतू आले आहेत. ते बॅजरइतकं पाणी धरत नाहीत, पण फेस पटकन करतात, लवकर वाळतात, वास येत नाही, केस गळत नाहीत. पाच वर्षांपूर्वी कुणी ‘सिंथेटिक म्हणजे दुय्यम’ म्हणालं असतं तर मान डोलावली असती. आज नाही.

‘प्युअर’ म्हणजे सगळ्यात हलका

आता गोंधळाचा भाग. बॅजर ब्रशवर चार शब्द सापडतात: प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप. मराठी माणूस ‘प्युअर’ वाचतो आणि त्याला शुद्ध तूप आठवतं. इथे उलटं आहे. प्युअर ही सगळ्यात खालची प्रत. प्राण्याच्या अंगावर जे केस सगळ्यात जास्त मिळतात ते, गडद, जाडसर, आणि बरेचदा टोकं कापून आकार दिलेले. म्हणून ते गालाला टोचतात. ‘बेस्ट’ हा नाव काहीही सांगो, मधला दर्जा. केस बारीक, टोकं न कापलेली. ‘सुपर’ त्याच्या वर, आणि ‘सिल्व्हरटिप’ सगळ्यात वरचा: लांब पांढरी टोकं, भिजल्यावर कापसासारखी मऊ.

गंमत अशी की या नावांवर कुणाचीच सही-शिक्का नाही. आयएसआय मार्कासारखं काही इथे नाही. एका कंपनीचा ‘सुपर’ दुसरीच्या ‘बेस्ट’पेक्षा हलका निघू शकतो. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्रश नावावरून तोलू नका. एकाच कंपनीतल्या प्रतींमध्ये तुलना करायची असेल तर ती नावं कामाची.

पहिल्या ब्रशसाठी माझं मत स्पष्ट आहे. प्युअर घेऊ नका. नवा माणूस तो घेतो, गालावर टोचतो, तीन दाढ्यांनंतर तो ब्रश कपाटात जातो आणि ‘बॅजर काही खास नाही’ अशी पोस्ट पडते. त्यापेक्षा त्याच पैशात चांगला सिंथेटिक येतो. बॅजरच हवा असेल तर ‘बेस्ट’पासून सुरुवात करा. सिल्व्हरटिपची घाई नको. तो इतका मऊ असतो की कडक साबणाच्या वडीवर नवख्या हाताला साबण उचलता येत नाही.

मापं: आकडे फक्त तीन

वर्णनात तीन आकडे शोधा. पहिला, गुच्छाचा व्यास, म्हणजे केस मुठीत जिथे घुसतात तिथलं माप. १८ मिलिमीटरपासून ३० पर्यंत ब्रश मिळतात. पहिल्यासाठी २० ते २४ मधला घ्या. २८-३० चा ब्रश फोटोत राजेशाही दिसतो, प्रत्यक्षात नाकाखाली तो मावत नाही आणि अर्धा साबण स्वतःच पिऊन टाकतो.

दुसरा, केसांची उंची, ज्याला लॉफ्ट म्हणतात. साधारण ४५ ते ५५ मिलिमीटर. व्यास तोच ठेवून उंची वाढली की ब्रश लोळतो, कमी झाली की ताठ राहतो. उदाहरणार्थ २४ व्यासाला ५० च्या आसपास उंची असली की ना फार ढिला ना फार कडक. विक्रेत्याने हे दोन आकडे दिलेच नसतील, फक्त ‘प्रीमियम’ आणि ‘लक्झरी’ लिहिलं असेल, तर पुढच्या लिंककडे जा.

तिसरा, मुठीची उंची. ओल्या, साबणाच्या हातातून न निसटणारी, मध्ये कंबर असलेली मूठ बरी. लाकडी मूठ दिसायला छान, पण पॉलिश उडालं की पाणी पिते आणि चिरते. रेझिनची मूठ कंटाळवाणी वाटते, पण टिकते.

गुच्छाचा आकार पंख्यासारखा असतो किंवा दिव्याच्या बल्बसारखा गोल. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिल्या ब्रशला त्याने काही फरक पडत नाही.

चारशे रुपयांचा बॅजर

आता त्या स्वस्त लिंकवर येऊ. नकली बॅजर ही नवी गोष्ट नाही, आणि एकेकाळी ती जिवावर बेतली होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा विस्कळीत झाला. मागणी तर होतीच, सैनिकांना रोज दाढी करायची होती. मग घोड्याचे केस रंगवून, पट्टे देऊन ते ‘बॅजरसारखे’ म्हणून विकले गेले. त्यातले बरेच केस नीट निर्जंतुक न करताच ब्रशमध्ये बसवलेले होते आणि त्यात अँथ्रॅक्सचे जंतू होते. दाढी करताना कापलं, जंतू आत गेले. ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिक आणि साधे नागरिक, दोघेही आजारी पडले, काही दगावले. ब्रिटनने १९२० मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशवर बंदी घातली. आजचे केस उकळून, निर्जंतुक करून येतात, त्यामुळे नव्या ब्रशबद्दल घाबरायचं कारण नाही. पण ‘शंभर वर्षांपूर्वीचा अँटिक ब्रश’ म्हणून कुणी विकत असेल तर तो कपाटात शोभेला ठेवा, गालाला लावू नका.

आजची फसवणूक तीन प्रकारची. डुकराच्या केसांवर रंगाचा काळा पट्टा मारलेला असतो. किंवा सिंथेटिक तंतूंवर छापलेला पट्टा. हे दोन्ही ओळखता येतात. खऱ्या बॅजरमध्ये प्रत्येक केसाचा पट्टा थोडा वर-खाली असतो, म्हणून सीमा धूसर दिसते. रंगवलेल्यात पट्टी पट्टीने आखल्यासारखी येते. ब्रश घासताना एखादा केस गळला तर तो चिमट्यात धरून काडीने जाळा. खरा केस जळल्या केसांचा वास देतो आणि चुरा होतो, सिंथेटिक वितळून टोकाला गाठ धरतो. डुकराचा केस मात्र या परीक्षेत पास होईल, कारण तोही केसच. त्याचं टोक डोळ्यांजवळ धरून बघा. चिरलेलं, दोन-तीन फाटे फुटलेलं असेल तर तो डुकराचा. बॅजरचं टोक सुईसारखं निमुळतं होतं. प्युअर प्रतीत मात्र टोक कापलेलं असू शकतं, तेव्हा पट्ट्यावर जास्त भरवसा ठेवा.

तिसरा प्रकार गंभीर आहे. मुंगूस. अंबडच्या शेतात, बांधावर मुंगूस दिसणं नवीन नाही. आडवं गेलं तर लोक शुभ मानतात. त्याच्या केसावरही फिकट-गडद असे पट्टे असतात, तो ताठ असूनही टोकाला बारीक असतो. म्हणून चित्रकारांच्या ब्रशसाठी आणि दाढीच्या ब्रशसाठीही त्याची चोरटी शिकार होत आली आहे. एक किलो कामाचे केस मिळायला सुमारे ५० मुंगसं मारावी लागतात. २०१९ मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने अनेक राज्यांत एकाच वेळी छापे घातले. ५४ हजारांहून जास्त ब्रश आणि शंभर किलोहून जास्त कच्चे केस जप्त झाले. उत्तर प्रदेशातलं बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रश बनवण्याचं मोठं केंद्र, ते या कारवाईत चर्चेत आलं. पकडलेला माल प्रामुख्याने चित्रकलेच्या ब्रशचा होता, पण केस तेच आणि बाजारही तोच.

कायदा इथे सरळ आहे. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याच्या केसांचा ब्रश बनवणं, विकणं गुन्हा आहे, आणि जवळ बाळगणंही महागात पडू शकतं. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर फार दूर नेत नाही. म्हणून जत्रेत, प्रदर्शनात, किंवा एखाद्या चॅट ग्रुपवर कुणी ‘देशी बॅजर’, ‘जंगली केस’, ‘नेवला ब्रश’ असं काही विकत असेल तर हात लावू नका. भारतात कायदेशीर ‘देशी बॅजर’ असा प्रकारच नाही. बॅजर ब्रश म्हणजे आयात केलेला केस, त्याचा नाव-पत्ता असलेला विक्रेता आणि पक्कं बिल.

आता मुख्य गोष्ट: पाणी

इथपर्यंत सगळं नीट झालं असं धरू. खरा ‘बेस्ट’ बॅजर, २४ मिलिमीटर, चांगला साबण. अंबडला घरी पार्सल आलं. बाथरूममध्ये बोअरचं पाणी, वाटीत साबण, ब्रश फिरवला... आणि फेस येत नाही. आला तर पातळ, मोठ्या बुडबुड्यांचा, गालावर पोहोचेपर्यंत विरलेला. दोष ब्रशचा वाटतो, परत पाठवायचा अर्ज भरला जातो. चूक बहुतेकदा पाण्याची असते.

मराठवाड्याची जमीन काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. त्या खडकाच्या भेगांमधून मुरत खाली गेलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. बादलीच्या कडेला पांढरा थर, गिझरची कॉइल वर्षभरात खराब, आंघोळीनंतर केस राठ: ही त्याचीच लक्षणं. पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. खोल बोअरचं पाणी उन्हाळ्यात या दोन आकड्यांच्या मध्ये किंवा त्याच्याही वर गेलं तर आश्चर्य वाटू नये. जायकवाडीचं नळाचं पाणी त्यामानाने हलकं, पण ते रोज येत नाही आणि टाकीत बोअरच्या पाण्यात मिसळलं की हिशोब बदलतो.

साबण आणि जड पाणी यांचं वैर रसायनशास्त्रातलं आहे. खरा साबण म्हणजे तेल किंवा चरबीतल्या आम्लाचा क्षार. तो कॅल्शियमला भेटला की त्याच्याशी जोडी जमवून न विरघळणारा चिकट गाळ होतो, तोच बादलीच्या कडेला बसतो. जेवढा साबण गाळ होण्यात गेला तेवढा फेसाला उरला नाही. शांपू आणि कपड्यांच्या पावडरीवर याचा परिणाम कमी होतो, कारण ते त्या अर्थाने साबण नसतात. दाढीची क्रीमही बहुतांश साबणच, पण त्यात कॅल्शियमला बांधून ठेवणारे घटक घातलेले असतात. सलूनमध्ये बोअरच्या पाण्यावरही नायलॉनचा ब्रश भराभर फेस काढतो, त्याचं अर्धं श्रेय त्या क्रीमला आहे.

आणि इथे बॅजरचा गुण उलटतो. तो पाणी जास्त धरतो, म्हणजे जड पाणीही जास्त धरतो. प्रत्येक फेऱ्यात नवा कॅल्शियम साबणात जातो. वर तो गाळ केसांच्या बुडाशी बसतो आणि सहा महिन्यांत दोन हजारांचा मऊ ब्रश काथ्यासारखा वाटायला लागतो.

तुमचं पाणी कसं आहे हे बघायला लॅब नको. दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत बोअरचं, दुसरीत जारचं किंवा आरओचं पाणी अर्धं भरा. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच हरभऱ्याएवढा तुकडा चुरून टाका, झाकण लावून सारख्याच वेळा हलवा. जारच्या बाटलीत वर घट्ट फेस आणि खाली पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल. बोअरच्या बाटलीत फेस बोटभरही नसेल आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं असेल तर पाणी जड आहे.

उपाय खर्चिक नाही. दाढीला पाणी लागतं किती? ब्रश भिजवायला आणि फेस करायला एक पेलाभर पुरतं. जालना जिल्ह्यात घरोघरी, दुकानोदुकानी वीस लिटरचे जार येतातच. त्यातलं एक पेला पाणी कोमट करा, ब्रश त्यात भिजवा, फेस त्याच पाण्याने करा. तोंड धुवायला बोअर चालेल. शेवटी ब्रशही उरलेल्या जारच्या पाण्यातच धुवा, ही पायरी लोक विसरतात. तेवढ्यानेच फेसात पडलेला फरक पाहून अनेकांना कळतं की नवा ब्रश घ्यायची गरजच नव्हती.

म्हणून खरेदीचा माझा क्रम असा: आधी जारच्या पाण्याने आत्ताच्या ब्रशवर आठवडाभर दाढी करून बघा. मजा आली तर सातशे-हजारच्या आसपासचा २२ ते २४ मिलिमीटरचा मऊ सिंथेटिक घ्या. तोही आवडला, रोज दाढी घरी होऊ लागली, साबणाची वडी वापरायची हौस आली, तर बॅजर. तेव्हा ‘बेस्ट’ प्रतीला दोन हजारांच्या आसपास किंवा जास्तच मोजायची तयारी ठेवा. परदेशातून मागवलात तर जकात आणि कुरिअर वेगळं.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी ब्रशला वास येईल. ओल्या जनावराचा, गोठ्याच्या जवळ जाणारा. घाबरून परत करू नका. साबणाने फेस करा, तसाच काही तास ठेवा, धुवा, असं दोन-तीनदा केलं की आठवडाभरात जातो. केसही गळतील, पहिल्या काही दाढ्यांत दोन-चार. महिन्यानंतरही रोज पाच-सहा गळत असतील तर मुठीतला चिकटवण्याचा थर कच्चा आहे, तेव्हा बिल बाहेर काढा. परतीची मुदत त्याआधीच संपते, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज वापरा, जपून ठेवू नका.

उकळतं पाणी कधीच नाही. केस कोरडे ठिसूळ होतात आणि आतला डिंक सुटतो. बोट घालता येईल इतकं कोमट पुरे. गालावर ब्रश चुलीतला कोळसा विझवल्यासारखा दाबून चिरडू नका, केस मधून मोडतात. टोकांनीच काम करा.

झाल्यावर धुवा, झटका, टॉवेलवर दोनदा पुसा आणि उघड्यावर ठेवा. उलटा टांगावा की उभा ठेवावा यावर दोन तट आहेत. झटकलेला असेल तर दोन्ही चालतं. डब्यात किंवा बंद कपाटात ओला ठेवला तर जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरणार. दर महिना-दीड महिन्याने एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी करून त्यात पाच मिनिटं बुडवा, मग साबणाने धुवा. जड पाण्याचा थर यानेच उतरतो.

आणि ब्रश एकट्याचा ठेवा. भावाला, रूममेटला देऊ नका. दाढी करताना कातडीवर न दिसणारे काप पडतात, आणि ओल्या केसांत जंतू-बुरशी आरामात राहते. सलूनच्या सामाईक ब्रशबद्दलही हेच. ब्लेड नवी लावतात का हे आपण हल्ली बघतो, ब्रशकडे कुणी बघत नाही. स्वतःचा ब्रश पिशवीत घालून सलूनला नेलात तर दादा हसतील, पण नाही म्हणणार नाहीत.

प्राण्याचं काय?

हा प्रश्न राहतोच. २०१८ मध्ये पेटा या संस्थेने चीनमधल्या बॅजरच्या केसांच्या धंद्याचं चित्रीकरण बाहेर आणलं. अरुंद पिंजरे, काठीने मारलेले प्राणी. त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी बॅजरचा केस वापरणं बंद केलं, त्यात प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या मालकीचा त्यावेळचा दाढीचा महागडा ब्रँड ‘द आर्ट ऑफ शेव्हिंग’ही होता. विक्रेते सांगतात की प्राणी मांसासाठी किंवा शेतीच्या नुकसानीमुळे मारले जातात आणि केस उरतात म्हणून वापरतो. तुमच्या हातातल्या ब्रशचा केस यातल्या कुठल्या वाटेने आला हे डबा उघडून कळत नाही, आणि लोकर कातरावी तसा हा केस मिळत नाही. प्राणी मरतोच.

मेंढीची घोंगडी आणि चामड्याची चप्पल वापरणाऱ्या घरात हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. मी सिंथेटिकवर थांबलो. पण तुम्हाला बॅजरच हवा असेल तर निदान विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: केस कुठल्या प्राण्याचा, कुठल्या देशातून आला, आणि गुच्छाचा व्यास-उंची किती. मेसेजला नीट उत्तर आलं तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, त्यात मूठ, पट्टा आणि बिल तिन्ही दिसू द्या. परत करायची वेळ आली तर तेवढंच कामी येतं.